खुर्ची, खिसा आणि मेव्हणा

लाच आणि हितसंबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे दोन्हींना 'खाणं' हे एकच क्रियापद लावतात. लाचेत कुणीतरी कुणाला काहीतरी देतो. हितसंबंधात अजून काहीच हातात पडलेलं नसतं. फक्त ज्यानं बिलावर सही करायची, त्याच्याच घरी त्या बिलाचे पैसे जाणार असतात. लाच पकडायला नोटांना पावडर लावता येते. इथे पावडर लावणार कशाला?

ही रेषा आखायचे प्रयत्न जुने आहेत, आणि ती ओलांडायचेही. पेशवाईतल्या गावखर्चाच्या हिशेबात 'दरबारखर्च' नावाची बाब असे. मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना द्यायची ही मुळात चोरटी रक्कम. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं १८१९च्या अहवालात तिची मोठी गंमत सांगितली आहे. ही लाच हळूहळू ठरलेली फी बनली आणि इतर खर्चासारखी तपासलीही जाऊ लागली. पण लाच तर लागतच होती, म्हणून तिच्यासाठी वर आणखी वसुली सुरू झाली. असल्या नाजूक बाबी तपासनीस फार खोलात जाऊन पाहत नसत, तेव्हा पाटीलही वरच्यांपेक्षा जास्त स्वतःसाठी गोळा करी. चोरटं ते राजरोस झालं की त्याच्या पोटी नवं चोरटं जन्मतं. पुढचा सगळा इतिहास याच चालीनं जातो.

इंग्रजांचंही काही वेगळं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर यायचे आणि खासगी व्यापारावर गब्बर होऊन परतायचे. १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टनं भेटी घ्यायला बंदी केली आणि वसुलीच्या अधिकाऱ्यांना व्यापार मना केला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७७४मध्ये, कंपनीनं मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. म्हणजे ठाण्यात इंग्रजी अंमल आला तेव्हा हा नियम कागदावर तरी होता. पुढे बंगालमध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसनं कलेक्टरचा पगार महिना १५०० रुपये केला आणि व्यापाराची वाट बंद केली. भरपूर पगार द्या आणि धंदा करू देऊ नका, ही आपल्या नोकरशाहीची मूळ बोली. तिचा पहिला भाग वेतन आयोगांनी पाळला.

१८६०च्या दंडसंहितेत यासाठी दोन कलमं होती. १६८ सरकारी नोकरानं बेकायदा व्यापार करण्याबद्दल आणि १६९ त्यानं मना असलेल्या मालमत्तेची खरेदी करण्याबद्दल किंवा तिच्यावर बोली लावण्याबद्दल. जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे २०२ आणि २०३ झाले. व्यापाराच्या गुन्ह्याला आता कैद, दंड यांच्या जोडीला समाजसेवेचीही शिक्षा आहे. मजकूर जवळपास तोच. लाचेचा कायदा मात्र १९४७, १९८८, २०१८ असा वारंवार नवा होत गेला.

आता आपल्या गावाकडे येऊ. ठाण्यात नगरपालिका १८६३ची, महापालिका १ ऑक्टोबर १९८२ची. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ची. दोन्ही चालतात १९४९च्या महापालिका अधिनियमावर, आणि त्यातली ही कलमं बरीचशी मुंबईच्या १८८८च्या कायद्यावरून उतरलेली. कलम १० म्हणतं, महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा आहे, तो नगरसेवक होऊ शकत नाही. वाचायला कडक. पण लगेच खाली अपवाद येतात. महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रातला हिस्सा चालतो. कंत्राट घेणाऱ्या नोंदणीकृत कंपनीतले शेअर चालतात. आणि स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा, विक्री, खरेदी हेही अपात्रतेत धरत नाहीत. अशा विषयावर मत देऊ नये, चर्चेत भाग घेऊ नये, असं बंधन आहे. खुर्ची मात्र जात नाही.

एकोणिसाव्या शतकात हे शहाणपणाचंच होतं. गावातल्या व्यापाऱ्यानं कंदील पुरवले म्हणून त्याला सभागृहाबाहेर ठेवलं तर सभागृहात बसणार कोण? पण हाच अपवाद नवी मुंबईत आणून ठेवा. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ म्हणजे सिडको. ती १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभं राहिलं, आणि सिडको भूखंड विकते ते ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. शहराचा जन्मच भाडेपट्ट्यावर! इथे पैसा कंदील पुरवण्यात नव्हता. पैसा होता स्टेशन कुठे येणार, रस्ता किती रुंद होणार, कुठल्या सेक्टरचा वापर निवासीचा व्यापारी होणार, हे इतरांच्या आधी माहीत असण्यात. भूमिपुत्रांना साडेबारा टक्के योजनेतून, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या त्या प्रमाणात, भूखंड मिळू लागले, तसा त्यांच्या हक्काच्या 'फायलीं'चा बाजारही उभा राहिला. नकाशा ज्याच्या टेबलावर, त्याला टेबलाखालून काही घ्यायची गरजच काय?

कंत्राटांच्या बाजूला ठाण्याचं नाव जास्त. ठाणे महापालिकेतल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी नव्वदच्या दशकात नेमलेल्या नंदलाल समितीमुळे 'टक्केवारी' हा शब्द इथल्या बोलीत असा रुजला की आता रस्त्याला खड्डा पडला तरी तोच आठवतो.

कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आहेत, १९७९चे. केंद्राचे १९६४चे, भ्रष्टाचाराचा विचार करणाऱ्या संथानम समितीच्याच काळातले. खासगी धंदा नको, शेअर बाजारात सट्टा नको. स्थावर घेताना सरकारला कळवा, आणि ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून घ्यायची तर आधी मंजुरी आणा. कुटुंबातलं माणूस ज्या फर्ममध्ये नोकरीला आहे, तिचं काम स्वतः हाताळू नका, वरिष्ठांकडे द्या. पण कुटुंबातलं म्हणजे कोण? जोडीदार, मुलं, आणि अवलंबून असलेले नातेवाईक. आपल्या पायावर उभा असलेला मेव्हणा किंवा साडू या व्याख्येत बसत नाही. तो तिथे बसत नाही म्हणूनच ठेकेदारीत छान बसतो. नाव त्याचं आणि पैसा दुसऱ्याचा असेल तर त्यासाठी १९८८चा बेनामी कायदा होता, पण त्याला दात फुटले २०१६च्या दुरुस्तीनंतर.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. नवी मुंबईत २०२०पासून आणि ठाण्यात २०२२पासून काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. प्रस्ताव प्रशासनाचा आणि स्थायी समितीचे, सर्वसाधारण सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच. 'या विषयात तुमचा संबंध आहे, बाहेर जा' असं समोरून म्हणायला सभागृहात कुणी उरलं नव्हतं.

राहिलं मत्ता व दायित्वांचं विवरण. गट ड सोडून राज्याचे कर्मचारी ३१ मार्चची स्थिती दाखवून ते दरवर्षी भरतात. आस्थापना शाखेत पाकीट जातं, पोच मिळते. माहितीच्या अधिकारात ते मागितलं, तर ती वैयक्तिक माहिती ठरते आणि व्यापक जनहित सिद्ध झाल्याशिवाय देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये म्हटलं. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराची मालमत्ता मात्र प्रतिज्ञापत्रात उघडी असते. म्हणजे गटाराचं काम मंजूर करणाऱ्या नगरसेवकाचे तोळे आणि फ्लॅट आपण घरी बसून मोजू शकतो. त्याच गटाराची लांबी मोजून बिल पुढे पाठवणाऱ्या अभियंत्याचं पाकीट कपाटात बंद असतं.