ॲझ्टेक की इंका? जुन्या कॉमिक्समधली सरमिसळ

जुन्या परदेशी कॉमिक्समध्ये एक ठरलेलं गाव असतं. दाट जंगलात हरवलेलं, सोन्यानं मढलेलं. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ, वर पिसांचा टोप घातलेला पुजारी, त्याच्या हातात सुरा आणि समोर बांधून ठेवलेला नायक. मजकुरात कधी ‘इंका’ असतं, कधी ‘ॲझ्टेक’, कधी ‘माया’. नाव बदललं तरी चित्र तेच. इंद्रजाल कॉमिक्स आणि रद्दीच्या दुकानातून आणलेला टिनटिन यांवर वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकांच्या डोक्यातही हे तिघं एकाच वाड्यातले भाऊबंद असतात.

नकाशा उघडला की वाडा मोडतो. ॲझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान टेक्सकोको सरोवरातल्या बेटावर होती. ऑगस्ट १५२१ मध्ये स्पॅनिश सेनानी हर्नान कोर्तेसनं ती पाडली आणि त्याच जागेवर आज मेक्सिको सिटी उभी आहे. इंकांची राजधानी कुस्को, पेरूच्या अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. दोन शहरांमध्ये चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि या दोन सत्तांचा एकमेकींशी थेट संबंध आल्याचा पुरावा नाही. माया तर काळाच्याही हिशेबात वेगळे. टिकाल, पालेन्के यांसारखी त्यांची दक्षिणेकडची मोठी शहरं इसवी सन ९०० च्या सुमारास ओस पडली, म्हणजे कोलंबस यायच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधी. माणसं मात्र कुठे गेली नाहीत. त्यांचं शेवटचं स्वतंत्र राज्य १६९७ मध्ये पडलं आणि माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही ग्वाटेमालात आणि मेक्सिकोत राहतात.

मग कॉमिक्सच्या एखाद्या चौकटीत नेमकं कोण आहे, हे ओळखायचं कसं? सोनं आणि पिसं यांच्याकडे दुर्लक्ष करा, ती सगळ्यांनाच वाटलेली असतात. आधी दगड बघा. इंकांची भिंत चुन्याशिवाय रचलेली असते. वेडेवाकडे कोन असलेले प्रचंड दगड असे बसवलेले की फटीत पातं शिरू नये. कुस्कोतल्या हातुनरुमियोक गल्लीत बारा कोनांचा एक दगड आहे, पर्यटक त्याच्यापुढे रांग लावून फोटो काढतात. दारं खाली रुंद आणि वर निमुळती. ॲझ्टेकांच्या मुख्य देवळाला मात्र समोरून दोन जिने शेजारीशेजारी आणि माथ्यावर दोन गाभारे, एक पावसाच्या त्लालोकचा, दुसरा युद्धाच्या उइत्सिलोपोच्त्लीचा. कॉमिक्समध्ये हा दुहेरी जिना क्वचितच दिसतो. चित्रकाराला नायक एकाच जिन्यानं फरफटत वर न्यायचा असतो ना!

मग जनावरं. लामा दिसला तर अँडीज. वाकलेल्या कण्यानं लामा ओझं वाहतोय आणि मागे पायऱ्यांचा मेक्सिकन पिरॅमिड आहे, अशी चौकट दिसली तर चित्रकारानं दोन वेगवेगळे संदर्भ उघडून ठेवले होते असं खुशाल समजा. ॲझ्टेकांकडे ओझी माणसांच्याच पाठीवरून जायची. गवताच्या दोरांचा झुलता पूल असेल तर इंका. आपुरिमाक नदीवरचा असा एक पूल आजूबाजूच्या गावांतले लोक आजही दरवर्षी नव्यानं विणतात. आणि भिंतीवर कोरलेली गुप्त लिपी, जी प्राध्यापक दोन मिनिटांत वाचून दाखवतात, ती इंकांची असूच शकत नाही. त्यांचा हिशेब किपूवर, म्हणजे गाठी मारलेल्या दोरांवर चालायचा. पूर्ण लिपी होती ती मायांकडे. ॲझ्टेक चित्रांच्या पोथ्या ठेवत.

एक गोल दगडी चकतीही वारंवार दिसते, मध्ये जीभ बाहेर काढलेला चेहरा. २०१२ मध्ये जगबुडीची आवई उठली तेव्हा ‘मायन कॅलेंडर’ म्हणून जगभर हाच फोटो फिरत होता. तो ॲझ्टेकांचा सूर्यदगड आहे, १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या चौकात खणताना सापडलेला.

इथपर्यंतची सरमिसळ आळसातून आलेली, तिच्यावर फार रागवण्यात अर्थ नाही. खरी गंमत तिथे आहे जिथे चित्रकार अजिबात आळशी नव्हता. टिनटिनचा बेल्जियन चित्रकार हर्जे. त्यानं ‘सात स्फटिकगोळ्यां’ची गोष्ट डिसेंबर १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रसेल्समधल्या एका दैनिकात सुरू केली. पुढचा भाग, म्हणजे ‘प्रिझनर्स ऑफ द सन’, १९४६ ते १९४८ या काळात टिनटिन साप्ताहिकातून आला. कपडे, दागिने, मिरवणुका यांसाठी त्यानं नॅशनल जिऑग्राफिकच्या फेब्रुवारी १९३८ च्या अंकातली इंकांवरची रंगीत चित्रं समोर ठेवली होती. योगायोग असा की त्या चित्रकाराचं आडनाव हर्गेट होतं. त्या चित्रांमुळे सूर्यमंदिरातल्या चौकटी कितीही वेळ बघत बसाव्यात अशा झाल्या आहेत. झग्यांवरच्या चौकोनी नक्षीपर्यंत सगळं नीट पाहून काढलेलं.

पण कपड्यांच्या आत जे कथानक चालतं ते इंकांचं नाही. शापच घ्या. गोष्टीतला इंका राजा रास्कार कापाक, त्याची ममी युरोपात आणणारे संशोधक एकामागोमाग एक बेशुद्ध पडतात. हा शाप इजिप्तचा, खरं तर इजिप्तबद्दलच्या वर्तमानपत्रांचा. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, पुढच्याच वर्षी त्या खोदकामाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नारव्हन वारले आणि पत्रकारांना वर्षानुवर्षांची बेगमी झाली. इंका राजांच्या ममी मुळात कबरीत बंद करून ठेवलेल्या नसायच्याच. त्यांचे वंशज त्यांना नेसवत, त्यांच्यापुढे अन्न आणि चिचा, म्हणजे मक्याची दारू, ठेवत, सणाला कुस्कोच्या चौकात आणून बसवत. मेलेल्या राजाची जमीन आणि नोकरचाकरही त्याच्याच नावावर चालू राहत. असा राजा शाप देत हिंडेल कशाला? त्याचं सगळं व्यवस्थित चाललेलं होतं.

मग चिता. टिनटिन, कॅप्टन हॅडॉक आणि प्रोफेसर कॅल्क्युलस यांना सूर्यकिरण एकवटून पेटवायच्या चितेवर उभं करतात. किरण एकवटून अग्नी काढण्याला आधार आहे. इंका आई आणि स्पॅनिश बाप यांचा मुलगा असलेल्या गार्सिलासो दे ला व्हेगानं, सूर्याच्या उत्सवात खोलगट चकचकीत कड्यानं अग्नी पेटवत, असं लिहून ठेवलं आहे. पण त्या अग्नीत माणसं जिवंत जाळण्याची इंकांची रीत नव्हती. नरबळी ते देत, निवडलेल्या मुलांचे, उंच शिखरांवर नेऊन. १९९९ मध्ये युयायाको ज्वालामुखीवर, ६,७०० मीटरच्याही वर, अशी तीन मुलं गोठलेल्या अवस्थेत सापडली. मूळ प्रथाच पुरेशी अस्वस्थ करणारी आहे, तिच्यात चितेची भर घालायची गरज नव्हती.

चिता आली कुठून? १५३३ मध्ये काहामार्काला स्पॅनिशांनी इंका राजा अताहुआल्पाला खोलीभर सोन्याची खंडणी घेऊनही जिवंत जाळण्याची शिक्षा सुनावली. त्यानं बाप्तिस्मा घेतला म्हणून जाळण्याऐवजी गळा आवळून मारलं. ज्यांच्या लेखी मेल्यावरही देह शाबूत राहणं इतकं महत्त्वाचं होतं, त्यांना जाळण्याहून वाईट शिक्षा नव्हती. कॉमिक्समध्ये तीच चिता इंकांच्या हाती दिली आहे आणि तिच्यावर उभे आहेत युरोपातले पाहुणे. हर्जेनं हे जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. युरोपातल्या मुलांना चिता म्हणजे काय हे लगेच कळतं, एवढाच त्यातला हिशेब असावा.

सुटकाही उसनीच. वर्तमानपत्राच्या कपट्यावर ग्रहणाची बातमी वाचून टिनटिन मरणाची वेळ त्याच दिवसाची मागतो आणि सूर्याला झाकायची आज्ञा देतो. कोलंबसानं २९ फेब्रुवारी १५०४ ला जमैकात पंचांग बघून चंद्रग्रहणाचा हाच डाव टाकला होता आणि एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांनी तो घासून गुळगुळीत केला. सूर्यालाच पूर्वज मानणारं राजघराणं ग्रहण बघून असं गडबडून जातं, हे या पुस्तकातलं सगळ्यात कच्चं पान. मायांवर तर हा डाव आणखी फसला असता, त्यांच्या ड्रेस्डेन पोथीत ग्रहणांची कोष्टकंच आहेत. ग्वाटेमालाच्या ऑगुस्तो मोन्तेरोसोनं १९५९ च्या एका पानाच्या कथेत हाच डाव एका स्पॅनिश पाद्र्याच्या हातून खेळवला. पाद्र्याचं रक्त बळीच्या दगडावर वाहत असताना एक माया माणूस पुढच्या सगळ्या ग्रहणांच्या तारखा म्हणून दाखवत असतो.

अमेरिकन चित्रकार कार्ल बार्क्सचा डोनाल्ड डक हर्जेच्या टिनटिनच्या बरोबर उलट. ‘लॉस्ट इन द अँडीज’ (१९४९) मध्ये डोनाल्ड संग्रहालयातला झाडूवाला आहे. तिथले चौकोनी दगड म्हणजे अंडी निघतात आणि शोध पेरूत जातो. धुक्याच्या खोऱ्यात सापडणारे लोक स्वतःच चौकोनी असतात आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या हेलात इंग्रजी बोलतात, कारण आधी येऊन गेलेला प्राध्यापक अलाबामाचा होता. यात खऱ्या इंकांचं काहीच नाही, दगडाचा चौकोनीपणा तेवढा आहे. तरीही हे पुस्तक मला जास्त प्रामाणिक वाटतं. शोधायला गेलेला पाहुणा तिथे आपलीच बोली सोडून येतो, ही थट्टा पाहुण्यांवर आहे, खोऱ्यातल्या लोकांवर नाही.

आणि सरमिसळ कळत नव्हती म्हणून झाली असं हर्जेच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही. १९३० च्या दशकातल्या ‘ब्रोकन इअर’ या टिनटिनच्याच गोष्टीतली लाकडी मूर्ती त्यानं ब्रसेल्सच्या संग्रहालयातली पेरूच्या किनाऱ्यावरच्या चिमू लोकांची एक मूर्ती बघून काढली आणि गोष्टीत ती जंगलातल्या काल्पनिक अरुम्बाया जमातीला देऊन टाकली. चिमूंचं राज्य तर इंकांनीच पंधराव्या शतकात गिळलं होतं. १९७६ च्या ‘पिकारोज’मध्ये ‘ब्रोकन इअर’मधल्याच दक्षिण अमेरिकेतल्या काल्पनिक देशात त्यानं मेक्सिकोच्या धाटणीचा पायऱ्यांचा पिरॅमिड उभा केला आणि तो बांधणाऱ्या लोकांना नाव दिलं ‘पाझ्टेक’.