ड्रोन आले म्हणून अटॅक हेलिकॉप्टर भंगारात निघाले काय?
वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत पारावर युक्रेन युद्धाचा विषय निघाला, की ‘ड्रोन आले, आता अटॅक हेलिकॉप्टर भंगारात’ हे वाक्य हमखास ऐकू येते. २०२२पासून मोबाइलवर फिरणाऱ्या, जळत्या रशियन हेलिकॉप्टरांच्या चित्रफिती हा त्याचा आधार. नुकसान खरे आहे, निष्कर्ष मात्र अर्धवट आहे.

शत्रूच्या हद्दीवर खालून उडणारी हेलिकॉप्टरे खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांना बळी पडली. अशाच ‘स्टिंगर’ क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम पाच किलोमीटर. म्हणून २०२३च्या उन्हाळ्यात रशियाची का-५२ अटॅक हेलिकॉप्टरे आपल्याच हद्दीत, धुऱ्याआड दबा धरल्यासारखी झाडांच्या रांगेमागे राहिली आणि सुमारे आठ-दहा किलोमीटरवरून ‘विखर’ क्षेपणास्त्रे सोडून त्यांनी झापोरिझिया भागात युक्रेनची चिलखती वाहने टिपली. युक्रेनने ऑक्टोबर २०२३मध्ये रशियाच्या ताब्यातील बेर्दियान्स्क आणि लुहान्स्कच्या तळांवर लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे डागली, ती उभ्या हेलिकॉप्टरांवरच. निरुपयोगी यंत्रावर इतका महागडा मारा कोणी करत नाही.

आज तर युक्रेन हेलिकॉप्टरांतून मशीनगनने रशियाने सोडलेले शाहेद ड्रोनच पाडतो. भारतानेही मार्च २०२५मध्ये १५६ ‘प्रचंड’ अटॅक हेलिकॉप्टरांचा करार केला.