जेमिनी ९-ए : भेट जमली, काम फसलं

५ जून १९६६ रोजी अमेरिकी अंतराळवीर जीन सर्नन जेमिनी ९-ए यानाचं दार उघडून बाहेर पडला, तेव्हा मोहिमेतलं अवघड मानलेलं काम उरकलेलं होतं. कक्षेत दुसऱ्या यानाला गाठायचं होतं, ते एकदा नव्हे तर तीनदा गाठून झालं होतं. उरला होता स्पेसवॉक. दोन तासांनी सर्नन आत आला तो धापा टाकत, हेल्मेटच्या काचेवर इतकं बाष्प साचलेलं की समोरचं काही दिसेना. ज्या यंत्रासाठी तो बाहेर गेला होता, ते मागे जागच्या जागी तसंच राहिलं. नासाचा अंदाज इतका उलटा कसा पडला, हे समजायला चार वर्षं मागे जावं लागतं.

चंद्रावर जायचं ठरलं १९६१ मध्ये, पण कसं जायचं याचा वाद पुढचं वर्षभर चालला. एकच प्रचंड यान चंद्रावर उतरवायचं, की पृथ्वीभोवती तुकडे जोडून ते न्यायचं? नासाच्या लँगली केंद्रातला अभियंता जॉन ह्यूबोल्ट तिसरा मार्ग रेटत होता: मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं आणि छोटं यान खाली उतरवून परत आणायचं. जुलै १९६२ मध्ये नासाने हाच मार्ग स्वीकारला. वजन वाचलं, पण एक जोखीम गळ्यात पडली. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर दोन यानांची गाठ पडली नाही, तर दोन माणसं कायमची तिथेच राहणार. आणि तोवर अमेरिकेकडे असलेल्या मर्क्युरी यानाला स्वतःची कक्षा बदलताच येत नव्हती. ते फक्त तोंड फिरवू शकायचं.

जेमिनी प्रकल्प या जोखमीचा सराव म्हणून उभा राहिला. सेंट लुईसच्या मॅकडॉनेल कंपनीने दोन आसनी यान बांधलं. त्यात कक्षा बदलणारी छोटी इंजिनं, रडार आणि एक संगणक होता. मार्च १९६५ ते नोव्हेंबर १९६६ या वीस महिन्यांत दहा समानव उड्डाणं झाली. हा वेग आज वाचतानाही छाती दडपते. स्पेसवॉक उद्दिष्टांच्या यादीत होताच, पण झोप उडवणारा विषय होता तो यानांच्या भेटीचा.

त्याला कारण होतं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मधून जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच टायटन रॉकेटचा रिकामा दुसरा टप्पा गाठायचा प्रयत्न केला. तो लढाऊ विमानांचा वैमानिक. लक्ष्य समोर दिसतंय, तर नाक तिकडे करायचं आणि जोर लावायचा, एवढं त्याच्या हातात मुरलेलं. कक्षेत मात्र पुढे जोर लावला की यान वरच्या कक्षेत चढतं, वरच्या कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो, आणि लक्ष्य आणखी पुढे निघून जातं. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं. मॅकडिव्हिटने निम्म्याच्या आसपास इंधन जाळलं आणि नाद सोडला. हे गणित कागदावर कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. बझ ऑल्ड्रिनने १९६३ मध्ये एमआयटीत कक्षेतल्या भेटीवरच डॉक्टरेट केली होती. सहकारी त्याला ‘डॉक्टर रॉन्देव्हू’ (रॉन्देव्हू म्हणजे अशी भेट) म्हणत, त्यात कौतुक किती आणि कंटाळा किती हे सांगणं कठीण.

त्याच जेमिनी ४ च्या उड्डाणात एड व्हाइट बाहेर पडला. हातात वायूच्या झोतावर चालणारं एक छोटं उपकरण, यानाला जोडलेली साडेसात मीटरची नळी, आणि वीसेक मिनिटं नुसता आनंद. त्याला आत बोलवावं लागलं, यायची इच्छाच नव्हती. त्याआधी अडीच महिने, १८ मार्च १९६५ रोजी, सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनॉव्ह व्होस्खोद २ मधून बाराएक मिनिटं बाहेर राहिला होता. त्याचा पोशाख निर्वातात फुगून ताठ झाला आणि आतला दाब कमी केल्यावरच तो कसाबसा आत शिरला. पण सोव्हिएत संघाने तेव्हा ही अडचण जगाला सांगितली नाही. अमेरिकेसमोर राहिलं ते व्हाइटचं हसरं उदाहरण. माझ्या मते नासाची फसगत इथेच झाली. व्हाइटला बाहेर काही करायचंच नव्हतं. तो तरंगला, फोटो निघाले, परत आला. तरंगणं सोपं आहे यावरून काम करणंही सोपं असेल असं धरलं गेलं.

भेटीच्या बाजूने मात्र चिकाटीने प्रगती होत गेली. ऑक्टोबर १९६५ मध्ये जेमिनी ६ साठीचं अजीना हे लक्ष्ययान वर जातानाच नष्ट झालं. मग आधी जेमिनी ७ पाठवून त्यालाच लक्ष्य करायचं ठरलं. १५ डिसेंबरला वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी जेमिनी ६-ए त्याच्यापासून फूटभर अंतरावर नेऊन धरलं. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी ८ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी अजीनाशी पहिलं डॉकिंग, म्हणजे दोन यानांची प्रत्यक्ष जोडणी, केलं. पण एक छोटं इंजिन चालूच राहिल्याने यान सेकंदाला जवळजवळ एक गिरकी घेऊ लागलं, आणि मोहीम घाईने संपवावी लागली. स्कॉटचा स्पेसवॉक राहून गेला. म्हणजे व्हाइटनंतर वर्षभर एकही अमेरिकी माणूस बाहेर गेला नाही, आणि गैरसमज तपासायची संधीच आली नाही.

जेमिनी ९ चे मूळ अंतराळवीर होते एलियट सी आणि चार्ल्स बॅसेट. २८ फेब्रुवारी १९६६ च्या ढगाळ सकाळी ते टी-३८ विमानाने सेंट लुईसला सरावासाठी आले. उतरताना विमान मॅकडॉनेलच्या कारखान्याच्या इमारतीवर आदळलं आणि दोघंही जागीच गेले. त्यांचं यान त्याच आवारात तयार होत होतं. मागून दुसऱ्या विमानाने येणारे राखीव अंतराळवीर टॉम स्टॅफर्ड आणि जीन सर्नन सुखरूप उतरले. मोहीम आता त्यांची झाली. राखीव जागेवर जिम लव्हेल आणि ऑल्ड्रिन आले, त्यामुळे जेमिनी १२ त्यांच्या वाट्याला आलं. तोवर एकही उड्डाण नक्की नसलेला ऑल्ड्रिन अशा रीतीने रांगेत लागला.

विघ्नं संपली नव्हती. १७ मे रोजी या मोहिमेचं अजीनाही अटलांटिकमध्ये गेलं. सुदैवाने जेमिनी ६ च्या अनुभवानंतर मॅकडॉनेलने एक साधं पर्यायी लक्ष्य बनवून ठेवलं होतं. त्याला डॉकिंगची जागा होती, मोठं इंजिन नव्हतं. १ जूनला ते वर गेलं. मोहिमेच्या नावामागे ‘ए’ लागला आणि ३ जूनला स्टॅफर्ड-सर्नन निघाले. तिसऱ्याच फेरीत त्यांनी लक्ष्य गाठलं. पाहतात तर नाकावरचं संरक्षक झाकण सुटून न पडता अर्धवट उघडं लटकतंय. ‘चिडलेली मगर’ दिसतेय, असं स्टॅफर्डने खाली कळवलं. झाकण सोडवणाऱ्या तारांची टोकं जोडायच्या ठिकाणी जोडलीच गेली नव्हती, चिकटपट्टीने दाबून ठेवलेली होती. एवढ्या अवाढव्य प्रकल्पात घात केला तो चिकटपट्टीने! डॉकिंग रद्द झालं. भेटींचा सराव मात्र झाला: लक्ष्यापासून दूर जाऊन पुन्हा दोनदा त्याला गाठलं, त्यातली एक भेट वरच्या बाजूने, चंद्रावर उतरणाऱ्या यानाला अर्ध्यातून परतावं लागलं तर काय, याची तालीम म्हणून. वर्षभरापूर्वी न जमलेली गोष्ट आता ठरल्या वेळी जमत होती. दोघं इतके थकले की स्पेसवॉक एक दिवस पुढे ढकलला.

सर्ननला करायचं होतं ते असं: यानाच्या पाठीमागच्या भागात जायचं, तिथे बसवलेला हवाई दलाचा ‘एएमयू’ हा हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारा उड्डाणसंच पाठीला बांधायचा आणि स्वतंत्र यानासारखं फिरायचं. त्याच्या गरम झोतांपासून पाय वाचावेत म्हणून पोशाखाला धातूच्या धाग्यांचं आवरण होतं. हवा भरलेला पोशाख आधीच ताठ. प्रत्येक हालचाल त्याच्याविरुद्ध झगडून करायची. त्यात धरायला, पाय रोवायला पुरेसं काही नाही. झडप फिरवायला गेलं की झडपेऐवजी माणूसच फिरतो. नळी सापासारखी वळवळत अंगावर येते. मागच्या भागापर्यंत पोहोचण्यातच त्याची शक्ती संपत आली. हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या घरात गेले. पोशाखात थंडाव्यासाठी फक्त वाहता प्राणवायू होता. इतक्या घामापुढे तो पुरला नाही आणि बाष्प काचेवर जमलं. सर्नन नाकाने काच घासून छोटीशी जागा पुसायचा आणि तिच्यातून पाहायचा. स्टॅफर्डने उड्डाणसंचाचा प्रयोग थांबवला. सर्नन चाचपडत दारापर्यंत आला आणि स्टॅफर्डने त्याला आत घेतलं. तो आत येऊ शकला नाही तर काय करायचं, हा प्रश्न अंतराळवीरांचा प्रमुख डीक स्लेटनने उड्डाणापूर्वी स्टॅफर्डपाशी खासगीत काढला होता, असं स्टॅफर्डने पुढे सांगितलं. उघड्या दाराने वातावरणात परतता येत नाही, त्यामुळे उत्तर एकच होतं.

धडा लगेच पचला असंही नाही. जुलैमध्ये जेमिनी १० च्या मायकेल कॉलिन्सने जुन्या अजीनावरून धूलिकणांचा नमुना काढून आणला, पण धडपडतच. सप्टेंबरमध्ये जेमिनी ११ चा डिक गॉर्डन यानाच्या नाकावर मांडी टाकून दोर बांधता बांधता इतका दमला की तासाभराच्या आत त्याला परत यावं लागलं. तेव्हा कुठे बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनो शाळेच्या पोहण्याच्या तलावातला सराव नासाने मनावर घेतला. सर्नननेही तिथे पाण्यात उतरून आपलं काम पुन्हा करून पाहिलं. नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ वर ऑल्ड्रिन पाय अडकवायच्या खोबणी, कमरेचे पट्टे आणि जास्तीच्या मुठी घेऊन गेला. मधे मधे विश्रांती घेत त्याने बोल्ट पिळले, तारा जोडल्या, तारा कापल्या. ठोके ताब्यात राहिले. गंमत म्हणजे त्याच उड्डाणात रडार बिघडलं आणि डॉक्टर रॉन्देव्हूला कोष्टकं नि सेक्स्टंट (कोन मोजायचं उपकरण) घेऊन भेटही जुळवावी लागली.

अपोलोच्या पोशाखात प्राणवायूच्या झोताऐवजी अंगालगत पाणी खेळवणाऱ्या नळ्या आल्या, आणि १९७२ मध्ये अपोलो १७ वर सर्ननने तशाच पोशाखात चंद्रावर तीन दिवस काम केलं. एएमयू जेमिनी १२ वरही जाणार होता, पण या साऱ्या अनुभवांनंतर तो काढून टाकला गेला. पाठीला संच बांधून, कोणत्याही दोरीशिवाय माणूस यानापासून दूर गेला तो फेब्रुवारी १९८४ मध्ये, चॅलेंजर शटलमधून. त्याचं नाव ब्रूस मॅककँडलेस, आणि त्याच्या संचात पेरॉक्साइडच्या जागी थंड नायट्रोजन होता.