जुन्या मोटारीतलं हेडलाईट आणि इंडिकेटर स्विचचं वायरिंग

बॅटरीतून निघालेला करंट खटक्यातून, पुढं हेडलाईटचा डिपरमधून (हायबीम-लो बीम बदलणारा स्विच) आणि इंडिकेटरचा फ्लॅशरमधून (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बल्बापर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीला येतो, तो सगळा रस्ता म्हणजे हे वायरिंग. कोल्हापुरात जुने वायरमन अजून स्विचला खटकाच म्हणतात. इथं जुनी गाडी म्हटलं की बहुतेक वेळा फियाट, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर जीप. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक बघायला गर्दी होते ती वेगळी, पण रोज कोणाच्या तरी दारात बॉनेट उघडून उभी असते ती पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी कुर्ल्यात बनायची, मूळ इटलीतली फियाट ११००. अ‍ॅम्बेसेडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, कलकत्त्याजवळ उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत बनत होती. म्हणून दोघींच्या वायरिंगची चालच वेगळी आहे आणि एकीचं बघून दुसरीचं करायला गेलं की गोंधळ होतो.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत लुकास या ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनीचा कलर कोड, म्हणजे कुठली वायर कुठल्या रंगाची ते ठरलेलं, असतो आणि तो एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट सप्लाय, पांढरी चावी फिरवल्यावरची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, लाल पार्किंग आणि टेललाईटची, काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली. निळी लाईटच्या खटक्यातून डिपरला जाते, तिथून निळी-पांढरी हायबीमला आणि निळी-लाल लो बीमला. इंडिकेटरला फ्लॅशरमधून फिकट हिरवी-तपकिरी स्विचला येते, मग हिरवी-लाल डावीकडं आणि हिरवी-पांढरी उजवीकडं. अडचण एवढीच की पन्नास वर्षांत चार हातांनी काम केलेलं असतं, ज्याला जी वायर मिळाली ती त्यानं जोडलेली असते, त्यामुळं रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक वायर टेस्टिंग लॅम्प लावूनच ओळखायची. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये डिपर पायाखाली असतो, डाव्या पायानं दाबायचा, आणि पावसाळ्यात मॅटखाली ओल राहिली की तो हमखास गंजतो. पद्मिनीत तेच काम स्टिअरिंगच्या दांड्यावरची काडी करते.

खरं दुखणं कुठं असतं ते आधी सांगतो. या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट थेट खटक्यातून जातो. जुने बल्ब साधारण ४५ वॅटचे, दोन मिळून ९० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपियर, तेवढं खटका सोसतो. नंतर लोकांनी ६०/५५ चे, म्हणजे हायबीमला ६० आणि लो बीमला ५५ वॅटचे, हॅलोजन घातले, दहा अँपियर झाले, आणि काहींनी तर १००/९० चे घातले म्हणजे हायबीमला दोन्ही मिळून २०० वॅट, सोळा-सतरा अँपियर. आमच्या घरच्या पद्मिनीत आधीच्या मालकानं असेच बल्ब घातलेले, आम्हाला माहीतच नव्हतं, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना धुक्यात डिपर मारला तर दोन्ही हेडलाईट गेले. काडी बोटानं अर्धवट धरून ठेवली की लागायचे, सोडली की अंधार. तसंच धरून घाट उतरलो. दुसऱ्या दिवशी स्विच खोलला तर आतला पितळी रिव्हेट तापून प्लास्टिकमध्ये रुतलेला, भोवतीनं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं आणि कॉन्टॅक्टच्या पट्टीतला स्प्रिंगसारखा ताण पूर्ण गेलेला. त्यात मॉरिसच्या पठडीतल्या गाड्यांत फ्यूज दोनच, हेडलाईटची लाईन एकातूनही जात नाही, म्हणजे शॉर्ट झालं तर फ्यूज उडायच्या जागी वायरच जळणार.

यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि माझ्या मते जुन्या गाडीवर करायचं हे सगळ्यात पहिलं काम आहे, रंग आणि क्रोम नंतर बघता येतो. दोन रिले घ्यायचे, एक हायबीमला एक लोला. बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून हेडलाईटला, ८५ अर्थला आणि ८६ ला जुन्या डिपरकडून आलेली वायर. आता खटक्यातून फक्त रिलेच्या कॉईलपुरता करंट जातो, पाव अँपियरसुद्धा नाही, आणि जुना स्विच आहे त्याच जागी आणखी वीस वर्षं चालतो. उजेडातला फरक तर लई मोठा असतो, कारण बल्बाला दहा टक्के व्होल्टेज कमी पडलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बघायचं असेल तर लाईट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी हेडलाईटच्या प्लसला लावायची, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं की मधे कुठंतरी कॉन्टॅक्ट खराब आहे.

इंडिकेटरचा फ्लॅशर जुन्या गाडीत तापणाऱ्या तारेवर किंवा पट्टीवर चालतो. पुढचा २१ वॅट आणि मागचा २१ वॅट मिळून साडेतीन अँपियर त्यातून गेले की तो ठरलेल्या चालीनं टिकटिक करतो. एक बल्ब गेला की करंट कमी पडतो, मग टिकटिक बदलते किंवा बंदच होते, आणि तो दोष नाही, ती ड्रायव्हरला दिलेली खबर आहे. एलईडी बल्ब घातले की हा फ्लॅशर हलतच नाही, तिथं इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो, पण गाडी प्लस अर्थची असेल, म्हणजे बॅटरीचा प्लस पत्र्याला जोडलेला असेल, जशा बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या असतात, तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि एलईडी दोन्ही घेताना विचारूनच घ्यायचे, उलटे जोडले तर चालत नाहीत नाहीतर जळतात.

आता अर्थ. डावा इंडिकेटर दिला आणि लाईट बंद असताना टेललाईट, नंबरप्लेटचा दिवा त्याच तालावर मंद लुकलुकायला लागले की दहातल्या आठ जणांना स्विच खराब वाटतो. स्विच चांगला असतो. मागच्या डाव्या दिव्याच्या होल्डरचा अर्थ गेलेला असतो, म्हणून इंडिकेटरच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट पत्र्यात जायला जागा नाही म्हणून त्याच दिव्यातल्या टेललाईटच्या ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेललाईटच्या लाईनीत शिरतो आणि बाकीच्या दिव्यांतून अर्थ शोधतो. होल्डरच्या बुडाला पॉलिश पेपर मारायचा, स्क्रूखालचा रंग खरवडायचा, एक काळी वायर थेट चासीला टाकायची, झालं. आपल्याकडं तर हे जास्तच, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागात पाणी आलं तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तांब्याच्या तारांमधून पाणी आत वर चढलेलं असतं, वरून वायर नवीन दिसते आणि सोलली की आत तांबं काळंहिरवं. त्याला सोल्डर धरत नाही, चमकदार तांबं लागेपर्यंत कापत जायचं नाहीतर अख्खी वायर बदलायची.

जुन्या अमेरिकन गाड्यांत आणखी एक पेच असतो. तिथं मागच्या लाल दिव्यातलं एकच फिलामेंट ब्रेकलाईट आणि इंडिकेटर दोन्हीचं काम करतं, त्यामुळं ब्रेकची वायर आधी इंडिकेटरच्या स्विचमध्ये येते. स्विच मधोमध असताना ती दोन्ही मागच्या दिव्यांना जाते, डावीकडं टाकला की डावा दिवा ब्रेकवरून सुटून फ्लॅशरला लागतो आणि उजवा ब्रेकवरच राहतो. म्हणून अशा गाडीत एका बाजूचा ब्रेकलाईट लागत नसेल, बल्ब आणि अर्थ ठीक असेल, तर मात्र स्विचच खोलायचा.

स्विच खोलताना बॅटरीची वायर काढूनच हात घालायचा. स्टिअरिंग सरळ झाल्यावर इंडिकेटर आपोआप परत येतो तो दांड्यावरच्या कॉलरला आलेल्या उंचवट्यामुळं. तो झिजला म्हणून नवा स्विच घ्यायची गरज नसते, शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला जुना तुकडा दाखवला तर तसाच करून देतो. फक्त बसवताना चाकं नीट सरळ ठेवून बसवायचा, थोडा जरी फिरला तरी इंडिकेटर एका बाजूला लगेच सुटतो आणि दुसऱ्या बाजूला सुटतच नाही.