अणुअभियांत्रिकीची पीएचडी: कोअर विषय आले कुठून?

या शाखेत पीएचडीला येणारे बरेच जण यांत्रिकी, रसायन किंवा भौतिकशास्त्र शिकून आलेले असतात. प्रबंध वेल्डिंगच्या सांध्यांवर असला, तरी पहिल्या वर्षी रिॲक्टर (अणुभट्टी) फिजिक्स, थर्मल हायड्रॉलिक्स (भट्टीतली उष्णता आणि पाण्याचा प्रवाह), किरणोत्सर्गाचे मापन आणि संरक्षक कवच हे विषय बहुतेक ठिकाणी करावे लागतात. याचे मूळ अमेरिकेतल्या हॅनफर्डला सापडते.

सप्टेंबर १९४४ मध्ये तिथली ‘बी’ नावाची अणुभट्टी सुरू झाली. शक्ती सुमारे ९ मेगावॉटपर्यंत चढली आणि मग कुणी काही न करता घसरत जाऊन भट्टी बंद पडली. काही तासांनी ती पुन्हा चालू झाली, पुन्हा विझली. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी कारण ओळखले: विखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळणारे झेनॉन-१३५. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होते (अर्धायुष्य ६.६ तास), त्याचे झेनॉन होते (९.१ तास). न्यूट्रॉन पकडला जाण्याची शक्यता ‘छेद’ या मापाने, बार्न या एककात सांगतात. युरेनियम-२३५ चा विखंडन छेद सुमारे ५८० बार्न, तर झेनॉनचा शोषण छेद २६ लाख बार्नच्या घरात. भट्टी बांधणाऱ्या ड्यूपाँ कंपनीच्या अभियंत्यांनी सावधगिरी म्हणून १५०० ऐवजी २००४ इंधन-नळ्यांची सोय ठेवली होती. त्या जादा नळ्यांत इंधन भरल्यावर भट्टी नीट चालली. रसायन, भौतिकी आणि अभियांत्रिकी एकाच माणसाला कळली पाहिजेत, हे मला यातूनच सर्वांत स्पष्ट दिसते.

वर्गात आजही हे गणित सोडवून घेतात. भट्टी बंद केली की झेनॉन लगेच कमी होऊ लागेल, असे धरणे ही नेहमीची चूक. आयोडीन शिल्लक असते. त्यामुळे जास्त शक्तीवर चाललेल्या भट्टीत झेनॉन आधी वाढते, साधारण १० ते ११ तासांनी शिखर गाठते आणि मग उतरते. त्या काळात भट्टी पुन्हा सुरू करता येईल की नाही, हे नियंत्रण कांड्यांकडे किती प्रतिक्रियाशीलता (साखळी प्रक्रिया वाढवण्याची क्षमता) हाताशी आहे यावर ठरते.

१९५० मध्ये अमेरिकेत ओक रिजला रिॲक्टर तंत्रज्ञानाची शाळा निघाली. त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने अणुअभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आखला आणि १९५३ मध्ये आवारातच भट्टी चालवली. द्विप्रावस्था प्रवाहाचे (पाणी आणि वाफ एकत्र वाहण्याचे) महत्त्व मात्र २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताने पटवले. दाब सोडणारी आराम झडप उघडीच अडकली होती, प्रेशरायझरमधली (दाब राखणाऱ्या टाकीतली) पाण्याची पातळी वर दिसत होती. ऑपरेटरांनी आणीबाणीचे पाणी कमी केले आणि गाभा (इंधनाचा भाग) उघडा पडला. पातळी वर असली म्हणजे गाभ्यात पाणी आहेच, असे नाही.

आपल्याकडे १९५७ मध्ये मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुऊर्जा ट्रेनिंग स्कूलने वर्षभराचा पाया घालून द्यायला सुरुवात केली. २००५ मध्ये होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट झाली आणि तो अभ्यास एमटेकच्या श्रेयांकांत धरला जाऊ लागला. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीच्या कोर्सवर्कला किमान १२ श्रेयांक लागतात आणि संशोधन नीतिमत्तेचा विषयही त्यातच बसवायचा असतो. उरलेल्या जागेत सोपे विषय शोधण्यापेक्षा न्यूट्रॉन वहन (न्यूट्रॉन भट्टीत कसे पसरतात) आणि थर्मल हायड्रॉलिक्स आधी घ्यावेत. प्रबंधाच्या कामात अडकल्यावर ते मागे जाऊन शिकणे फार जड जाते.