पगारी बाळंतरजेचा मेळावा लावताय? ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) पात्रता, कागद आणि आमचा अनुभव

पहिला मेळावा आम्ही रविवारी ठेवला होता. खुर्च्या ऐंशी, बाया अकरा. भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इतकी वर्षं तिथे राहूनही ठरवताना डोक्यात आलं नाही. दुसऱ्या वेळी जानेवारीतला गुरुवार धरला, हळदीकुंकवाला जोडून, दुपारी तीनला. समाजमंदिर भरलं. सासवाही आल्या. सुनेची रजा घरात बरेचदा त्याच ठरवतात, त्यामुळे हे चांगलंच झालं.

मेळाव्यात भाषण दहा मिनिटांच्या वर नको. बाईला एकच प्रश्न असतो: मला मिळेल का?

कारखान्यात किंवा आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील, पगार महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत असेल (दिव्यांग कामगाराला 25,000) आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर ती विमाधारक. कपात 0.75 टक्के, मालकाचा वाटा 3.25 टक्के. कंत्राटदाराकडे असली तरी हाच नियम. ‘मी कंपनीची नाही, ठेकेदाराची आहे’ म्हणून मागे बसणाऱ्या बायांना हे दोनदा सांगा.

पण नुसतं नाव नोंदलेलं असून भागत नाही. लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान 70 दिवसांचं अंशदान (म्हणजे ईएसआयची वर्गणी) लागतं. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून आम्ही फळ्यावर एक उदाहरण लिहितो. अंशदानाचे कालावधी दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. बाळंतपण मे 2026 मध्ये असेल, तर ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या वर्षभरातले दिवस मोजायचे. नव्याने लागलेल्या बाईची लाभाची पहिली खिडकी नोकरीच्या तारखेपासून नऊ महिन्यांनी उघडते. लग्नानंतर कारखाना बदललेल्या मुलींनी नव्या ठिकाणी जुनाच विमा क्रमांक द्यावा, नवा काढू देऊ नये. दोन क्रमांक झाले की दिवस विभागले जातात.

मिळतं काय? 26 आठवडे रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर 12 आठवडे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना. पैसे सरासरी रोजाच्या पूर्ण 100 टक्के, थेट बँक खात्यात. सरासरी रोज 500 रुपये धरला तर 182 दिवसांचे 91,000. हा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या रांगेतली कुजबुज थांबते. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेणाऱ्या आईलाही 12 आठवडे आहेत. रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम करायचं नाही, आणि त्या काळात मालकाला तिला कामावरून काढता येत नाही.

कागद फार नाहीत: ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, पासबुकाचं पहिलं पान, ईएसआय दवाखान्याच्या किंवा पॅनेल डॉक्टरांच्या सहीचं गरोदरपणाचं प्रमाणपत्र (त्यावर अपेक्षित तारीख हवी), आणि फॉर्म 19, म्हणजे लाभाचा दावा. बाळंतपणानंतर त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या किंवा ईएसआयसीच्या (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर विमा क्रमांकाने लॉग इन करून भरा. खासगी दवाखान्यात बाळंतपण झालं म्हणून रजेचे पैसे बुडत नाहीत, हेही सांगा. ईएसआयची सोय नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झालं तर खर्चापोटी 7,500 रुपये वेगळे मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत.

पगार मर्यादेच्या वर असलेल्यांना हीच रजा मालकाने द्यायची असते, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर. घरकाम करणाऱ्या ताईंना यातलं काही लागू नाही. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नका, मातृ वंदना योजनेसाठी (गरोदर बायांना मिळणारी सरकारी मदत) अंगणवाडीताईंना त्याच दिवशी बोलवा.

आता मांडणी. शाखा कार्यालयाला तीन आठवडे आधी पत्र द्या: तारीख, जागा, अंदाजे किती बाया, कोणकोणत्या कारखान्यांतल्या. अधिकारी आला तर उत्तम, नाही आला तरी पत्राची पोच ठेवा. दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफचं ‘निधी आपके निकट’ शिबिर जिल्ह्याजिल्ह्यात भरतं आणि ईएसआयसीचं ‘सुविधा समागम’ त्याच्या जोडीला असतं. आपल्या मेळाव्यात अडलेली प्रकरणं तिथे न्यायची, म्हणून तारीख 27 च्या आठवडाभर आधीची धरा. बाहेर भोंगा लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी काढा. हॉलमध्ये लहानसा स्पीकर पुरतो.

खरं काम होतं ते टेबलावर. दोन मोबाईल, एक प्रिंटर, एक वही आणि चटपटीत दोन मुली. प्रत्येकीचं विमा खातं उघडायचं, अंशदानाचे दिवस मोजायचे, नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडायची. गेल्या खेपेला सातव्या महिन्यातली एक ताई आली. दिवस भरपूर, कागद नीट, पण कार्डावर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं. ती म्हणाली, ‘अहो, माणूस तर एकच ना?’ माणूस एकच, पण पैसे अडकले असते. आम्ही तिथेच दुरुस्तीचा अर्ज लिहिला, विवाह नोंदणीचा दाखला जोडला आणि मालकाकडे न्यायला दिला, कारण असली दुरुस्ती मालकामार्फत जाते. तिच्या सासूबाईंनी अर्ज घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, ‘साहेब नाही म्हणाला तर?’

त्यांना ईएसआयसीचा मोफत क्रमांक दिला: 1800-11-2526. वहीत त्यांच्या नावापुढे पुढच्या गुरुवारची तारीख टाकली. अशा नावांना त्या दिवशी फोन करायची जबाबदारी मेळाव्याआधीच एका माणसाकडे द्या.