ग्लुकोजची घडण आणि विघटन (प्रकाशसंश्लेषण व पेशीश्वसन)

हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून शर्करा तयार करतात, ते प्रकाशसंश्लेषण. तीच शर्करा पेशीत टप्प्याटप्प्याने मोडून जगण्यासाठी ऊर्जा मिळवली जाते, ते पेशीश्वसन. सांगली-सातारा भागात, कृष्णाकाठच्या उसात, या दोन्ही क्रिया अगदी जवळून पाहता येतात. उसाच्या कांडात साठते ती पानाने केलेल्या कमाईतून श्वसनाचा आणि वाढीचा खर्च वजा जाऊन उरलेली शिल्लक.

प्रकाशसंश्लेषण पानाच्या पेशींतल्या हरितलवकात, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या सूक्ष्म कणांत चालते. हरितद्रव्य प्रकाश शोषते, पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि एटीपी व एनएडीपीएच हे ऊर्जावाहक रेणू तयार होतात. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. हे 1941 मध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) वापरून दाखवले गेले. पुढच्या टप्प्यात हे ऊर्जावाहक खर्च करून कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बांधली जाते. त्या टप्प्याचा उलगडा केल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या समीकरणात शेवटी ग्लुकोज लिहिलेले असते, आणि हिशेबापुरते ते बरोबर आहे. प्रत्यक्षात मात्र या चक्रातून आधी तीन कार्बनची शर्करा बाहेर पडते. तिच्यापासून पानात स्टार्च आणि सुक्रोज बनते. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, आपली रोजची साखर. पानातून कांडाकडे वाहत जाते ती याच रूपात.

उसाचे पान उजेडासमोर धरले की बारीक समांतर शिरा दिसतात. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचे चार कार्बनचे आम्ल करतात, ते आतल्या कड्यात पोचवतात, आणि तिथे तो वायू पुन्हा मोकळा होऊन शर्करेत बांधला जातो. कड्यात वायू दाट साठत असल्याने कडक उन्हातही फारसा कार्बन वाया जात नाही. ही रीत प्रथम उसातच लक्षात आली. हवाईतल्या संशोधकांनी ती 1965 मध्ये प्रसिद्ध केली. ज्वारी आणि मक्यातही हीच व्यवस्था आहे; गहू, सोयाबीन, द्राक्ष यांच्यात नाही.

श्वसनाची सुरुवात पेशीद्रव्यात होते. ग्लुकोजचा सहा कार्बनचा रेणू मोडून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात आणि निव्वळ 2 एटीपी हाती येतात. ऑक्सिजन असेल तर हे आम्ल तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा मिळवून देणाऱ्या भागात जाते. तिथे क्रेब्ज चक्र आणि इलेक्ट्रॉनांची वाहतूक साखळी या रासायनिक क्रियांच्या दोन मालिका मिळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होईपर्यंत ते मोडतात. एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे 30 ते 32 एटीपी मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत 38 हा आकडा आढळतो, तो आता मागे पडला आहे. ‘झाडे दिवसा अन्न करतात आणि रात्री श्वास घेतात’ हा समज मात्र अजून घरोघरी आहे, आणि तो खोडून काढायलाच हवा. श्वसन चोवीस तास चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते झाकले जाते, इतकेच.

ऊस सोलून खाणाऱ्याला बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो. शेंड्याची कांडी वाढीला लागलेली असतात. तिथे आलेली साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि वाढीत व श्वसनात खर्ची पडते. बुडख्याची वाढ थांबलेली असल्याने तिथे साठा होतो. म्हणूनच तोडणीत ऊस जमिनीलगत घ्यायचा आणि वाढे (शेंड्याकडचा हिरवा भाग) छाटून टाकायचे. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन व रात्री गारठा असतो तेव्हा कमाई चालू राहते, पण वाढ आणि श्वसन मंदावते. साखर उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, चढतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर कमाई बंद आणि खर्च चालूच. सुक्रोजही फुटत जाते. अशा उसाचा गूळ चिकट होतो आणि ढेप नीट बसत नाही.

ऑक्सिजन मिळाला नाही तर काय होते, हे ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णाकाठाने पाहिले. फडात दिवसेंदिवस पाणी साचले की मुळांच्या आसपासचा ऑक्सिजन संपतो, कारण पाण्यात तो हवेच्या मानाने फारच हळू पसरतो. मग मुळांना एका ग्लुकोजमागे 2 एटीपींवर भागवावे लागते. साठा झपाट्याने संपतो आणि अल्कोहोल तयार होते. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, पाणी शिरले तर तो कुजतो. वाचलेला ऊस कांड्यांवरच्या डोळ्यांतून पांगशा (बाजूचे फुटवे) फोडतो, आणि त्या नव्या पानांची उभारणी कांडात आधी साठलेल्या साखरेवरच होते.

श्वसन साठवलेल्या धान्यातही चालते: जिवंत दाणा वाळवून ठेवला तरी मंदपणे श्वसन करतो. दाण्यात ओल राहिली तर हा वेग वाढून साठ्यात ऊब धरते. कीड आणि बुरशीचे श्वसन त्यात भर घालते. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची पेवे (साठवणीचे खोल खड्डे) हळदीच्या साठवणीसाठी नावाजलेली होती. बंद पेवात कीड आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि किडीला जगणे अवघड होते. माणसालाही ती हवा तितकीच घातक. त्यामुळे पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते. तोंड मोकळे ठेवून आतली हवा बदलू द्यायची, मगच माणूस खाली सोडायचा.